शेवटची खबर कधीची?

सकाळी ६, बार्शी

यादी रात्रीच पिशवीत भरलेली असते, तरी चहा उकळेपर्यंत पुन्हा एकदा काढून बघते. एका ओळीत एक माणूस. नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, गाव, वय, कर्करोग कोणत्या अवयवाचा, निदान कधीचं. आणि अगदी शेवटी, 'शेवटची खबर'. माझं सगळं काम या शेवटच्या रकान्याचं. माणूस आहे का, असेल तर कसा आहे, नसेल तर कधी गेला आणि कशाने.

आज वैरागच्या बाजूची गावं, तिथून दुपारी एसटीने सोलापूर. गावांची नावं इथे मुद्दाम देत नाही. दोन-तीनशे उंबऱ्यांच्या गावात 'छातीची गाठ काढलेली बाई' एवढं म्हटलं तरी ती कोण ते पारावर बसलेला प्रत्येक जण सांगेल.

नोंदणी चालते ती बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलातून, १९८७ पासून. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमातली ही देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके, ३४६ गावं. मुंबईत अशी नोंदणी १९६३ पासून होती, पण मुंबईची रीत इथे लागू पडत नाही. शहरात नोंदणीचा माणूस रुग्णालयं, लॅबोरेटऱ्या आणि महापालिकेचं मृत्यूचं दप्तर पालथं घालतो आणि बहुतेक रुग्ण हाती लागतात. खेड्यातला रुग्ण मात्र रुग्णालयापर्यंत पोचेलच असं नसतं. तो घरीच गेला, तर कागदोपत्री त्याला कर्करोग कधी झालाच नाही. खेड्यात हा रोग कमी आहे की फक्त कमी सापडतो, हे ठरवायचं तर गावात जायलाच हवं. म्हणून ही नोंदणी उभी करणाऱ्या डॉ. नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांच्या चमूने सुरुवातीपासून माणसं गावोगाव धाडली. त्या पायंड्यावर आम्ही अजून चालतो.

सकाळी ७.१५, वैराग रस्ता

स्कूटी, स्वेटर, वर स्कार्फ. मार्गशीर्षाची थंडी आणि दोन्ही बाजूंना ज्वारी. लवकर निघायचं कारण साधं आहे. नऊनंतर गावात म्हातारी माणसं आणि कुत्री सोडून कोणी भेटत नाही.

सकाळी ८, ग्रामपंचायत

ग्रामसेवक अजून आलेले नाहीत, शिपायाने कपाट उघडून दिलं. मृत्यूची नोंदवही हा आमचा पहिला मुक्काम. आमच्या यादीतलं कोणी यात आहे का, आणि यात असं कोणी आहे का, जे आमच्या यादीत असायला हवं होतं.

मृत्यूच्या कारणाचा रकाना वाचायची एक सवय लागते. 'वार्धक्य', 'अल्प आजार', 'हृदय बंद पडून'. शेवटी हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. पंचेचाळिशीच्या माणसापुढे 'अल्प आजार' लिहिलेलं दिसलं की मी ते घर वहीत टिपून ठेवते. अशा घरात जाऊन विचारावं लागतं. गिळायला त्रास होता का, आवाज बसला होता का, किती महिने अंथरुणाला होते, कुठल्या दवाखान्यात नेलं होतं. त्या घरात कोनाड्यात किंवा पत्र्याच्या पेटीत कागदांची पिशवी असते. त्या पिशवीत एखादा तपासणीचा रिपोर्ट निघतो आणि मग सोलापूर किंवा मिरजेच्या कुठल्या तरी रुग्णालयाचा धागा लागतो. कधी काहीच निघत नाही. बाराव्यानंतर सगळे कागद नदीत सोडले, असं सांगणारी घरं पुष्कळ.

सकाळी ८.३० ते ११, उंबरे

दारात उभं राहून 'कॅन्सर' म्हणायचं नाही, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. 'बार्शीच्या दवाखान्यातून आले, तब्येत विचारायला', एवढं पुरतं. घरात कधी कधी सुनेला माहीत नसतं, कधी खुद्द रुग्णाला माहीत नसतं. बसायला पाट येतो, पाण्याचा तांब्या येतो आणि पहिला प्रश्न घरातल्या बायकाच विचारतात: "बाई, तुमचं माह्यार कुठलं?" ते सांगितल्याशिवाय पुढे गाडी सरकत नाही. वेळ फुकट जातो असं नवीन पोरींना वाटतं. मला तसं वाटत नाही. त्या पाच मिनिटांत जे मिळतं, त्यावर पुढची पाच वर्षं ते घर दार उघडत असतं.

वयाचं एक मोठंच प्रकरण आहे. आधार कार्डावर निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म १ जानेवारीचा. म्हणून आम्ही विचारतो, "आजी, ७२ च्या दुष्काळात केवढ्या होता?"

"खडी फोडाया जात हुते की ओ. थोरला पोटात हुता."

म्हणजे तेव्हा साधारण विशीच्या. किल्लारीचा भूकंप ही दुसरी खूण, ३० सप्टेंबर १९९३. त्या पहाटे कोण रांगत होतं आणि कोणाचं लग्न ठरलं होतं, हे आमच्या भागात बायका चुकत नाहीत. एवढी खटपट वयासाठी का? कर्करोग हा बहुतांशी उतारवयातला रोग. मुंबईत इतके, बार्शीत इतके अशी तुलना वयाचा हिशेब लावल्याशिवाय केली तर ती निव्वळ थाप ठरते. वय पाच वर्षांनी चुकलं तर त्या बाईला काही फरक पडत नाही, दराला पडतो.

नावाचंही तसंच. माहेरचं एक, सासरचं दुसरं, दवाखान्यात घाईत तिसरंच लिहिलेलं. एकाच बाईची दोनदा नोंद झाली तर रोग वाढल्यासारखा दिसतो. दोन वेगवेगळ्या बाया एक धरल्या तर एकीचं मरण हरवतं.

आज पहिल्या चार घरांत दोघी चांगल्या निघाल्या. एकजण चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होता, पहिल्या टप्प्यात सापडला, शेक घेतला. ती आली होती कशी, तर शाळेतल्या एका बैठकीत ऐकून: पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणं बरं नव्हे. अशा बैठका नोंदणीच्या सुरुवातीपासून होतात. नोंदणीच्या कामाला निघालेली माणसं गावात लक्षणंही सांगत गेली आणि काही वर्षांत दिसलं की बायका आधीच्या मानाने लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या, पुढे जगण्याचं प्रमाणही सुधारलं. हे १९९० च्या दशकातच प्रसिद्ध झालं आहे. यंत्र नवीन नव्हतं, औषध नवीन नव्हतं. फक्त कोणीतरी जाऊन सांगितलं होतं.

सकाळी ११, कुलूप

पाचव्या घराला कुलूप. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "तोडीला गेल्यात." गाळप हंगाम सुरू झाला की यादीतली बरीच घरं अशी बंद. नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरं बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये, मुक्काम सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात. शेजारणीकडे त्यांचा नंबर नाही, पण मुकादमाचा आहे. मुकादमाने फोन उचलला, फडात हाक मारली, बऱ्याच वेळाने ती बोलली.

"बरं हाय का मावशी?"

"बरं हाय बाई. कोयता चालतुय."

फोन स्पीकरवर होता हे आवाजावरून कळत होतं. अंगावर जातं का, लघवीला त्रास आहे का, हे मी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर तिने सांगितलं नसतं. 'जिवंत', त्यापुढे आजची तारीख. तपासणीला वर्षभर आलेली नाही, हे शेऱ्यात.

ही एवढीशी तारीख का लागते ते सांगते. पाच वर्षांनी किती रुग्ण जिवंत, असा आकडा काढताना ज्यांची खबर नाही त्यांचं काय करायचं हा पेच असतो. हिशेब असा ठेवतात की शेवटची खबर मिळाली त्या दिवसापर्यंत ती जिवंत होती, पुढचं माहीत नाही. हे ठीक आहे, पण हरवणारी माणसं चिठ्ठ्या टाकून हरवत नाहीत. जी बरी झाली ती दवाखान्याचा रस्ता विसरते. जी गेली तिचा फोन मुलगा बदलतो. म्हणजे नुसत्या ओपीडीच्या कागदांवर विसंबलं, तर उपचार आहेत त्याहून चांगले किंवा वाईट दिसू शकतात आणि कोणत्या बाजूला चुकलो हेही कळत नाही. मोठ्या रुग्णालयातले निष्कर्ष वाचताना किती रुग्णांचा माग सुटला, हा आकडा मी आधी शोधते. बाकीचं मग.

दुपारी १२.३०, अंगणवाडी

डबा अंगणवाडीत उघडला. भाकरी, शेंगाचटणी, कांदा, सेविकाताईंनी दिलेलं पिठलं. जेवताना त्यांच्या सासूबाई येऊन टेकल्या. माहेर पलीकडच्या जिल्ह्यातलं, तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. तपासणीचा विषय निघाला तशा म्हणाल्या, "आमच्या भणीच्या गावात गाडी आलती, बायकांस्नी तपासलं. आमच्या माह्यारी का न्हाई आली?"

हा प्रश्न विचारणारी ती पहिली नाही. आणि खरं सांगायचं तर त्याचं उत्तर जगभरच्या नियतकालिकांतून अजूनही वादातच आहे.

झालं ते असं. १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात एक चाचणी सुरू झाली. बार्शीचं आमचं रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, असे तिघे मिळून. पैसा गेट्स फाउंडेशनचा. ४९७ गावं, त्यांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका. समूहांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी चार भागांत वाटणी केली. पहिल्या भागात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागात तपासणी नाही, फक्त माहिती आणि नेहमीची सरकारी सोय. गाडी आली नाही ते गाव या चौथ्या भागातलं असणार.

एकदाच तपासायचं, मग आठ वर्षं माग ठेवायचा. निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. एचपीव्ही तपासणीच्या भागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ बायका गेल्या, तपासणी नसलेल्या भागात ६४. दोन्ही भाग साधारण सारखेच, तीस-चौतीस हजारांचे. एका तपासणीने मरण जवळजवळ निम्म्यावर आलं. गंमत म्हणजे तपासलेल्या भागात कर्करोग जास्त सापडले, १२७ विरुद्ध ११८, कारण शोधलं की सापडतं. फरक टप्प्यात होता: पुढे गेलेले रोग ३९ आणि ८२. पॅप स्मिअर आणि डोळ्यांनी पाहणी या भागांत मरणं ठामपणे म्हणता येईल इतकी कमी झाली नाहीत. मुंबईच्या वस्त्यांमध्ये आणि तमिळनाडूत मात्र डोळ्यांनी पाहण्याचाही फायदा दिसला आहे, तेव्हा ती पद्धत बाद असं कोणी म्हणू नये. आणखी एक गोष्ट मला या सगळ्यांत मोठी वाटते. एचपीव्ही नाही असं ज्यांना सांगितलं गेलं, त्यांच्यातली एकही बाई त्या आठ वर्षांत या रोगाने मेली नाही. 'एकही नाही' हे लिहिता यावं म्हणून किती जणी किती उंबरे चढल्या असतील, ते कोणत्याच तक्त्यात नसतं.

आता वाद. एरिक सुबा नावाच्या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने आक्षेप घेतला की तपासणीने जीव वाचतो हे जगाला आधीच ठाऊक असताना हजारो बायकांना विनातपासणी का ठेवलं? भारतातल्या अशा तीन चाचण्यांमध्ये तपासणी नसलेल्या भागांत २५४ बायका गेल्या, असं त्यांनी 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये २०१४ मध्ये लिहिलं. संशोधकांचं म्हणणं, देशात तेव्हा नेहमीची सोय म्हणजे काहीच नाही हीच होती, आम्ही कोणाच्या ताटातलं काढून घेतलं नाही. आणि तुलनेशिवाय कोणती पद्धत इथे, या गावांत, या परिचारिकांच्या हाताने चालते हे कळलंच नसतं.

मला विचाराल तर दुसरं म्हणणं खरं आहे आणि तरी ते पुरेसं नाही. काहीच सोय नव्हती, हे सरकारविषयीचं उत्तर झालं. बहिणीच्या गावात गाडी गेली आणि माझ्या का नाही, हे विचारणाऱ्या बाईला ते देता येत नाही. मी तिला एवढंच म्हटलं, की आता बार्शीला या, तुमची तपासणी करून घेऊ. "आता काय, सत्तरी झाली," म्हणाली. सुनेला पाठवते म्हणाली.

दुपारी २, एसटी

स्कूटी वैराग स्टँडवर. सोलापूरपर्यंत झोप.

दुपारी ३.३०, सोलापूर, सिव्हिलची रेकॉर्ड रूम

आमच्या तालुक्यातला रुग्ण बार्शीलाच येतो असं थोडंच आहे. कोणी सोलापूरला, कोणी मिरजेला, पुण्याला, कोणी थेट टाट्याला. म्हणून ठराविक दिवसांनी या गठ्ठ्यांत बसायचं. केसपेपरावर पत्ता 'मु. पो. वैराग' एवढाच. वैरागात घर कुठलं, हे रजिस्टरला विचारून उपयोग नाही. लॅबचा रिपोर्ट एका नावाने, भरतीचा कागद दुसऱ्या, आणि मोबाइल नंबर नऊच आकडी.

इथे बसलं की सोलापूर कळतं. तोंडाचे, जिभेचे, घशाचे कागद संपता संपत नाहीत. विडी वळणाऱ्या बायकांचं हे शहर, गुटखा बंदी असून मिळणारं शहर, आणि सकाळी मिश्रीशिवाय तोंड न धुणाऱ्या आयाबायांचा जिल्हा. कागदावर त्याचा उल्लेख 'तंबाखू: होय' इतकाच. किती वर्षं, कोणत्या गालात धरायची, हे पुन्हा गावी जाऊन विचारायचं.

तासाभरात आमच्या तीन तालुक्यांतले हवे ते मिळाले. दोन नवे. त्यांची नावं उद्याच्या यादीला.

संध्याकाळी ६, पुन्हा वैरागच्या अलीकडचं एक गाव

हे घर खरं तर दुसऱ्या अभ्यासाच्या सहकारिणीच्या यादीतलं, माझ्या वाटेवर म्हणून मला दिलं. या घरातल्या लेकीचा पत्ता हवा आहे.

२००९ मध्ये १० ते १८ वर्षांच्या मुलींना एचपीव्ही लशीचे दोन डोस द्यायचे की तीन, हे पाहणारी चाचणी देशात नऊ ठिकाणी सुरू झाली. बार्शी त्यातलं एक. २०,००० मुली घ्यायच्या होत्या. तेवढ्यात आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच लसीकरण प्रकल्पावरून गदारोळ उठला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळंच थांबवलं. १७,७२९ मुलींना निदान एक डोस मिळाला होता. हजारोंना एकच. काम मोडलं असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. पण माग सोडला नाही. लग्नानंतर दीड वर्षाने किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, जे आधी असेल तेव्हा, नमुना घ्यायचा असं ठरलं. म्हणजे मुलगी नेमकी माहेर सोडून जाते तेव्हाच तिची गरज. पुणे, लातूर, सुरत, कुठेही. सासूला काय सांगायचं, हा त्या कामातला सर्वांत अवघड भाग असं माझ्या सहकारिणी सांगतात.

२०२१ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त दहा वर्षांचा हिशेब आला. एका डोसाचं संरक्षण ९५.४ टक्के, दोन-तीन डोसांच्या तोडीचं. हे गट अपघाताने पडलेले, चिठ्ठ्या टाकून नव्हे, म्हणून शंका काढायला जागा होती. केनियातल्या रीतसर चाचणीने पुढे तसाच कल दाखवला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं मान्य केलं. गरीब देशांच्या खर्चाचा विचार केला तर ही लहान गोष्ट नाही.

आईने पत्ता दिला. भोसरी, पिंपरीजवळ. खोली नंबर आठवत नव्हता, म्हणून तिने लेकीलाच फोन लावला. लेक म्हणाली, पुढच्या महिन्यात यात्रेला येतेय, तेव्हा बार्शीला येऊन जाईन.

संध्याकाळी ७.४५, बार्शी

नोंदी आजच्या आज. उद्यावर टाकल्या की कोणती आजी कोणत्या गावची, याचा घोळ होतो. एका ओळीत 'मयत', महिना घरच्यांनी सांगितलेला, कागद नाही. एका ओळीत 'गाव सोडले', पत्ता नाही. ती ओळ पुढच्या फेरीत पुन्हा निघेल.

वाचणाऱ्यांना एक सांगणं आहे. घरातल्या कोणाला हा आजार झाला, तर केसपेपरावर दोन मोबाइल नंबर लिहा, त्यातला एक गावातच राहणाऱ्या माणसाचा. बाईचं सासरचं आणि माहेरचं, दोन्ही नावं लिहा. माणूस गेलं तरी कागदांची पिशवी लगेच पाण्यात सोडू नका, वर्षभर ठेवा. आणि तिशी ओलांडलेल्या बाईला काही त्रास नसतानाही एकदा तपासून घ्या. शनिवारी मी पांगरीच्या बाजूला असेन.